‘आज नको’ म्हणता येईल असा गॅस

द्रवरूप नैसर्गिक वायूवर, म्हणजे एलएनजीवर, आपल्याकडे होणारा वाद एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो : गॅस घ्यायचा कुणाकडून? फेब्रुवारी २०२५मध्ये मोदी आणि ट्रम्प यांच्या भेटीत ऊर्जेचा व्यापार वाढवायचे ठरले आणि या प्रश्नाला आणखी धार आली. एका बाजूचे म्हणणे, अमेरिकेचा गॅस वाढला की कतारसह आखातातली जहाजे जिथून येतात त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीची टांगती तलवार दूर होईल. दुसरी बाजू म्हणते, हा व्यापारी दबावाखाली गळ्यात मारलेला महाग माल आहे. त्यापेक्षा कतार जवळचा आणि जुना. तिसरा सूर स्वदेशीचा : आयात म्हणजेच परावलंबन, आपला कोळसा आणि आपले ऊन पुरेसे आहे. तिघांचे आपसात पटत नसले तरी एक गोष्ट तिघेही गृहीत धरतात. सुरक्षितता विक्रेत्याच्या झेंड्यावरून ठरते, ही ती गोष्ट. माझ्या मते घोडे तिथेच पेंड खाते. गॅसच्या बाबतीत देश किती सुरक्षित आहे हे करारातल्या कलमांवर, साठवणुकीवर आणि तो गॅस आपण कशासाठी जाळतो यावर ठरते. भाव भडकतील त्या दिवशी ‘आज नको’ म्हणण्याची सोय ज्या देशाने आधी करून ठेवली, तो सुरक्षित. ही सोय नसेल तर गॅस मित्राचा असो की शत्रूचा, बिल सारखेच येते.

हे महाराष्ट्राला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती. गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळ वीजप्रकल्पाच्या रूपाने तीस वर्षांचा धडा उभा आहे. १९९२मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीशी सामंजस्य करार झाला, १९९३च्या डिसेंबरमध्ये वीजखरेदी करार. १९९५च्या निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा झाली, सत्तांतरानंतर तो रद्द झाला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी होऊन आणखी मोठा होऊन परत आला. १९९६मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने जे मोजके निर्णय घेतले, त्यात या प्रकल्पाच्या प्रतिहमीचा, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल या हमीचा, निर्णय होता. १९९९मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा नाफ्था या खनिज तेलापासून मिळणाऱ्या इंधनावर सुरू झाला; दुसरा टप्पा आयात एलएनजीवर चालायचा होता आणि त्यासाठी ओमान व अबुधाबीशी करारही झाले होते. २००१च्या मे महिन्यात महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली, डिसेंबरमध्ये अमेरिकेत एन्रॉनचेच दिवाळे निघाले. आपल्या सार्वजनिक स्मृतीत या सगळ्याचे सार काय उरले? परकी कंपनी आली, लुटू पाहत होती, बुडाली. गोष्ट चुकीची नाही, पण अर्धी आहे. मंडळाला बुडवणारी गोष्ट करारात होती : वीज घ्या किंवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे द्यायचेच, आणि तेही डॉलरशी बांधलेले. १९९५च्या सुरुवातीला साडेएकतीस रुपयांच्या आत असलेला डॉलर २००१मध्ये ४७च्या आसपास पोहोचला. मंडळाची वसुली रुपयांत, तीही अर्धीमुर्धी. शेतीपंपाच्या बिलाला हात लावायची कुणाची छाती नाही. अशा ग्राहकाने असा करार करणे हीच चूक होती. समोर ह्यूस्टनची कंपनी होती की नवी दिल्लीची, याने त्या चुकीत फरक पडला नसता.

हे मी तर्काने सांगत नाही. फरक पडत नाही हे नंतर घडूनच दिसले. २००५मध्ये एनटीपीसी आणि गेल या दोन सरकारी कंपन्यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन झाली आणि दाभोळचा प्रकल्प तिच्याकडे गेला. कंपनी स्वदेशी. पुढे इंधनही स्वदेशी मिळाले : कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या डी-६ क्षेत्रातून २००९मध्ये गॅस सुरू झाला आणि देशभर आनंदीआनंद झाला. दोन-तीन वर्षांत ते उत्पादन कोसळले, २०१३ संपेपर्यंत दाभोळची जनित्रे थंड पडली. देशी गॅस नाही म्हणून कंपनीने आयात गॅसवर वीज द्यायची तयारी दाखवली. त्या भावाची वीज महावितरणला नको होती, आणि न घेतलेल्या विजेचा स्थिर आकारही द्यायचा नव्हता. भांडण वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नोव्हेंबर २०२३मध्ये न्यायालयाने महावितरणचे अपील फेटाळले. म्हणजे पहिल्या अंकात परदेशी कंपनी आणि आयात इंधन, दुसऱ्या अंकात सरकारी कंपनी आणि देशी गॅस. दोन्ही अंकांचा शेवट न वापरलेल्या विजेच्या बिलावर. ज्यांना आजही ‘गॅस कुणाचा’ हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, त्यांनी या दोन अंकांतला फरक सांगावा.

तरीही एलएनजीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य केलाच पाहिजे. दीर्घ मुदतीचे करार नसते तर २०२२मध्ये आपली दैना झाली असती. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, युरोपचा पाइपलाइनमधून येणारा गॅस आटला आणि युरोपने जगभरातली एलएनजीची जहाजे मिळेल त्या भावाने उचलली. आशियाच्या स्पॉट बाजारात, म्हणजे करार नसताना त्या वेळच्या भावाने होणाऱ्या खरेदीत, एका दशलक्ष ब्रिटिश थर्मल युनिटमागे (यापुढे ‘युनिटमागे’) दहा-बारा डॉलर नेहमीचे समजले जातात. तो भाव ऑगस्ट २०२२मध्ये सत्तरच्या आसपास गेला. त्या उन्हाळ्यात पाकिस्तानने जहाजांसाठी निविदा काढल्या तर एकही बोली आली नाही. बांगलादेशाने जुलैमध्ये स्पॉट खरेदीच थांबवली आणि भारनियमन स्वीकारले. त्याच काळात कतारहून गुजरातमधल्या दहेजला येणारी आपली जहाजे कराराच्या सूत्राने ठरलेल्या भावात येत राहिली. एलएनजी आयात करणाऱ्या पेट्रोनेट कंपनीचा कतारशी वर्षाला ७५ लाख टनांचा करार १९९९चा, पहिले जहाज २००४चे. फेब्रुवारी २०२४मध्ये तो २०२८पासून पुढे वीस वर्षांसाठी वाढवला गेला. ज्यांना करार म्हणजे बेडी वाटते त्यांनी ढाक्याच्या अंधाराचाही हिशेब करावा.

मात्र याच घटनेची दुसरी बाजू तितकीच बोलकी आहे. गेलचा रशियाच्या गॅझप्रॉमच्या उपकंपनीशी २०१२चा वीस वर्षांचा करार होता, वर्षाला साधारण २८ लाख टनांचा. कागद पक्का होता, देश मित्र होता. २०२२मध्ये ती उपकंपनी जर्मन सरकारच्या ताब्यात गेली आणि आपल्या वाट्याची जहाजे येईनाशी झाली. करार मोडल्याचा दंड त्या वेळच्या बाजारभावापुढे किरकोळ असेल तर विक्रेता करार मोडणारच. तो परोपकार करायला बसलेला नसतो. गेलने लंडनमध्ये लवादाकडे १८० कोटी डॉलरपर्यंतचा दावा लावला आणि जानेवारी २०२५मध्ये तडजोडीत साडेअठ्ठावीस कोटी डॉलर हाती आले. उलट उदाहरणही आपल्याच घरचे आहे. २०१५मध्ये तेलाचे भाव पडले, पण कतारच्या करारातले सूत्र जुन्या चढ्या भावांच्या दीर्घ सरासरीला बांधलेले होते, त्यामुळे करारातला गॅस स्पॉटच्या जवळपास दुप्पट महाग पडू लागला. आपण करारापेक्षा बराच कमी माल उचलला, बाकीची गरज स्पॉटमधून भागवली आणि सूत्र बदलायला लावले. कमी उचलीचा सुमारे १२ हजार कोटींचा दंडही सुटला. कतारने हे प्रेमापोटी केले का? बाजारात त्या वर्षी गॅस तुंबला होता आणि एवढा मोठा दुसरा गिऱ्हाईक कुठून आणायचा, हा प्रश्न दोहाला पडला होता. आपल्याला ‘नको’ म्हणता आले, म्हणून भाव उतरला. गॅझप्रॉमच्या वेळी तेच म्हणता आले नाही. गेलला खत कारखान्यांच्या पुरवठ्यात कपात करावी लागली.

आता अमेरिकेच्या गॅसकडे येऊ. पुरवठादार अनेक असावेत, हे तत्त्व पहिल्या महायुद्धाआधीचे आहे. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर नेताना चर्चिल यांनी तेच सांगितले होते. अमेरिकी गॅसचा खरा फायदा भूगोलाइतकाच करारातही आहे. गेलने २०११मध्ये अमेरिकेतल्या सबाइन पास टर्मिनलच्या गॅससाठी केलेल्या करारात भाव तेलाला बांधलेला नाही, तो अमेरिकेतल्या हेन्री हबच्या गॅसभावाला बांधलेला आहे. जहाज कुठेही वळवायची मुभा आहे. आणि माल नको असेल तर युनिटमागे तीन डॉलरच्या आसपासचे द्रवीकरण शुल्क भरून तो सोडता येतो. ‘नको’ म्हणण्याची किंमत इथे उघड लिहिलेली आहे. या दीर्घ कराराचे पहिले जहाज मार्च २०१८मध्ये लागले ते, योगायोग पाहा, दाभोळलाच. पण म्हणून अमेरिका म्हणजे सुरक्षितता हे समीकरण टिकत नाही. जानेवारी २०२४मध्ये बायडन सरकारने नव्या निर्यात परवान्यांना स्थगिती दिली, वर्षभराने ट्रम्प सरकारने ती उठवली. धोरण चार वर्षांच्या निवडणुकीवर झुलणार असेल तर वीस वर्षांच्या कराराला तेवढ्याच वर्षांची खात्री कोण देणार? शिवाय पुरवठादार दहा झाले तरी स्पॉट बाजार एकच राहतो. २०२२मध्ये गॅस अमेरिकेचा, नायजेरियाचा की ऑस्ट्रेलियाचा, याला भावाने काडीची किंमत दिली नाही. विविधतेने जहाज मिळते. स्वस्त जहाज मिळेल असे नाही.

मग टर्मिनलांवर, पाइपलाइनवर पैसा घालणे व्यर्थ का? मुळीच नाही. लिथुआनियाने २०१४मध्ये क्लाइपेडाच्या बंदरात एक तरंगते टर्मिनल आणून उभे केले. तोवर त्या देशाला सगळा गॅस रशियाकडून येत होता. जहाज बंदराला लागायच्या आधीच, त्याच वर्षी, गॅझप्रॉमने लिथुआनियाचा भाव वीसेक टक्क्यांनी उतरवला. त्यातून भरमसाट आयात होण्याआधीच टर्मिनलने आपली किंमत वसूल केली होती. आमच्याकडे हाच युक्तिवाद वापरला जातो, पण बांधकाम भलत्याच पद्धतीने होते. कोचीचे ५० लाख टनांचे टर्मिनल २०१३मध्ये तयार झाले आणि मंगळुरूपर्यंतची पाइपलाइन २०२१मध्ये उघडली. मधली वर्षे टाक्या जवळजवळ रिकाम्या. दाभोळचे टर्मिनलही २०१३चेच, पण लाटरोधक बंधारा अपुरा राहिल्याने वर्षानुवर्षे पावसाळ्यात तिथे जहाज लागू शकत नव्हते. कोकणच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो हे वेलदूरच्या कोणत्याही मच्छीमाराने फुकट सांगितले असते. जयगडला २०२१मध्ये तरंगते टर्मिनल आले आणि व्यावसायिक पुरवठा सुरू न होताच गेले. विमा म्हणून बांधलेली वस्तू ऐन गरजेच्या दिवशी चालली पाहिजे. वर्षातले चार महिने बंद राहणाऱ्या टर्मिनलला विमा म्हणत नाहीत.

साठवणुकीचा विषय तर या वादात कुणी काढतच नाही. १९६५-६६च्या सलग दुष्काळांत आपण अमेरिकेचा पीएल-४८० या मदत योजनेचा गहू खात होतो. एकट्या १९६६मध्ये सुमारे एक कोटी टन धान्य आयात झाले. व्हिएतनामवर भारत काय बोलतो हे पाहून अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन साहेब महिन्याच्या हप्त्याने जहाजे सोडत. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर आलेली लाल मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांना ती परावलंबनाची चव अजून आठवत असेल. त्या अनुभवातून देश काय शिकला? दुसरा गहू विकणारा शोधण्यावर भिस्त ठेवली नाही. बियाणे बदलले, हमीभावाने खरेदी सुरू केली आणि अन्न महामंडळाची गोदामे उभारली. पुढच्या टंचाईत सरकारच्या हाती राखीव धान्य असू लागले. कच्च्या तेलासाठी हा विचार थोडाफार झाला आहे : विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर इथे मिळून ५३.३ लाख टनांच्या भूमिगत गुहा आहेत. नैसर्गिक वायूचा असा भूमिगत सामरिक साठा भारतात नाही. एलएनजी उणे १६२ अंशांवर ठेवावी लागते आणि टाकीत ती रोज थोडीथोडी उडत राहते, त्यामुळे टर्मिनलच्या टाकीला कोठार समजता येत नाही. युरोपने २०२२मध्ये हिवाळ्याआधी भूमिगत साठे ८० टक्के भरण्याचे बंधन घातले म्हणून तो हिवाळा निभावला. आपल्याकडे जुनी, रिकामी झालेली तेल-वायू क्षेत्रे आहेत. त्यांत गॅस परत भरून ठेवण्याचा खर्च मोठा आहे हे खरे, पण दर नव्या कराराच्या वेळी शेजारी तोही आकडा मांडला जायला नको का?

याहून मोठा प्रश्न गॅस जाळायचा कुठे हा आहे. देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे आणि सरकारचे उद्दिष्ट २०३०पर्यंत १५ टक्क्यांचे. देशात लागणाऱ्या गॅसपैकी निम्मा आजच बाहेरून येतो, म्हणजे वाढीव वाटा बहुतांश आयातीचा असणार. टक्केवारीत मांडलेले हे उद्दिष्ट विक्रेत्याच्या सोयीचे आहे. कुठल्या वापरात गॅसला पर्याय नाही आणि कुठे तो सहज सोडता येतो, हे त्यातून कळतच नाही. युरिया घ्या. त्याच्या उत्पादनखर्चाचा सिंहाचा वाटा गॅसचा आणि आज तरी दुसरा स्वस्त मार्ग नाही. रायगडमधल्या थळच्या खत कारखान्याला ‘आज नको’ म्हणता येत नाही. शेतकऱ्याला ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांनाच मिळते, म्हणून भाववाढ तिजोरी सोसते. २०२२-२३मध्ये खत अनुदान अडीच लाख कोटींवर गेले. सीएनजीची तऱ्हा वेगळी. मुंबईत एप्रिल २०२२मध्ये राज्याने मूल्यवर्धित कर साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला तेव्हा किलोचा भाव ६० रुपये झाला होता. नोव्हेंबरपर्यंत तो नव्वदीला टेकला. रिक्षावाल्याने पेट्रोल सोडून किट बसवले ते स्वस्त आणि स्वच्छ म्हणून. त्याला पुन्हा मागे फिरता येत नाही, आणि त्याच्यासाठी तिजोरीही उघडत नाही. २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शहरी गॅस कंपन्यांचा स्वस्त देशी गॅसचा कोटा कापला गेला, तेव्हा हा धोका गुपचूप त्याच्या डोक्यावर सरकवण्यात आला.

विजेचे गणित याच्या उलट आहे. दहा डॉलरचा आयात गॅस उत्तम कार्यक्षमतेच्या केंद्रात जाळला तरी नुसत्या इंधनाचा खर्च विजेच्या एका युनिटला सहा रुपयांच्या घरात जातो. सौर विजेच्या निविदा अडीच-तीन रुपयांनी जातात. त्यामुळे वर्षभर चालणारी नवी गॅस-वीजकेंद्रे उभारायची म्हणजे दाभोळचा तिसरा अंक लिहायला घेणे. २०२४मध्ये देशात सुमारे २५ हजार मेगावॉटची गॅस-वीजकेंद्रे आधीच उभी होती आणि त्यांतली बरीच वर्षातला बहुतांश काळ बंद असत. पण त्याच वर्षी मे-जूनमध्ये केंद्राने वीज कायद्याच्या कलम ११खाली त्यांना चालायचे आदेश दिले, आणि ३० मे रोजी मागणी २५० गिगावॉटला भिडली तेव्हा ती उपयोगी पडली. सूर्य मावळल्यानंतरच्या चार तासांसाठी, वर्षातल्या मोजक्या आठवड्यांसाठी, आहे तीच केंद्रे वापरायची आणि त्यांच्या तयारीचे पैसे उघडपणे द्यायचे, हे मला पटते. त्यापलीकडे नाही.

कोळसा-सौर पक्षाला इथे आपलाच विजय दिसेल. त्यांचे निम्मे बरोबर आहे : कोळसा देशात आहे आणि ऊन कुणी अडवू शकत नाही. पण भिवंडीच्या डाइंगचा बॉयलर, फिरोजाबादची काचभट्टी, थळचा अमोनिया यांना ऊन थेट चालत नाही, आणि शहराच्या कुशीत कोळसा परत आणायचा तर दम्याचा हिशेबही मांडा. घरगुती सिलिंडरमधल्या एलपीजीचीही सुमारे साठ टक्के आयात होते आणि तीही बहुतांश होर्मुझमधूनच. स्वयंपाकघराच्या या परावलंबनावर स्वदेशीवाले फारसे बोलत नाहीत, कारण सिलिंडर हे मतांचे चिन्ह आहे. पाइपचा गॅस आला तरी एक जोखीम जाऊन तशीच दुसरी येते. विजेची शेगडी हा त्यातला असा मार्ग आहे की ज्याने आयात खरोखर घटते, आणि नेमका तोच जाहीरनाम्यांत फारसा सापडत नाही.

म्हणून पुढच्या कराराची घोषणा होईल तेव्हा कोणत्या देशाच्या पंतप्रधानांशी हस्तांदोलन झाले याची छायाचित्रे बाजूला ठेवून संसदेत चार-पाच गोष्टी विचाराव्यात. भाव कशाला बांधला आहे, तेलाला की गॅसला? ठरल्यापेक्षा तीस टक्के कमी माल उचलला तर किती पैसे भरावे लागतील? विक्रेत्याने जहाज दुसरीकडे वळवले तर त्याला बसणारा दंड त्या दिवशीच्या स्पॉट भावाशी जोडलेला आहे, की कागदावरच्या ठरीव रकमेशी? जहाज तिसऱ्या देशाला विकायची मुभा आहे का? आणि पुरवठा तुटला तर आधी कुणाचा व्हॉल्व्ह बंद होणार, वीजकेंद्राचा, सिरॅमिकवाल्याचा, सीएनजी पंपाचा की खत कारखान्याचा, ही यादी टंचाईच्या रात्री मंत्रालयात बसून ठरणार आहे की आधी छापून जाहीर होणार आहे? कतारचा नवा करार २०४८पर्यंत चालेल. त्याच्या भावाचे नेमके सूत्र जाहीर झालेले नाही, कारण ते व्यापारी गोपनीय समजले जाते. एन्रॉनचा वीजखरेदी करारही गोपनीयतेच्याच नावाखाली लोकांपासून दूर ठेवला गेला होता आणि माधव गोडबोले समितीने त्या सगळ्या निर्णयप्रक्रियेची चिरफाड केली ती २००१मध्ये, पैसे थकल्यावर.